रानकोंबड्याचे कुळ

कोंबडा हा पक्षी आपल्या इतका ओळखीचा आहे की, त्याची मुद्दाम ओळख करून घ्यावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. मोराचे आपण कौतुक करतो, राजहंसाला साहित्यात मानाचे पान देतो, कोकिळेची वाट पाहतो. कोंबडा मात्र उकिरड्यावरचा म्हणून हिणवला जातो. अशा पक्ष्यावर व्याख्यान ते काय द्यावयाचे, असे काही श्रोत्यांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आज कोणत्याही क्षणी पृथ्वीवर दोन हजार कोटींहून अधिक कोंबड्या जिवंत असतात. माणसांच्या अनेक पटींनी त्यांची संख्या भरते. दुसरा कोणताही पक्षी संख्येने त्यांच्या जवळपास येत नाही. ही सारी प्रजा रानातल्या एका भित्र्या, पाचोळा उकरून पोट भरणाऱ्या पक्ष्यापासून झाली. तो पक्षी कोणता, तो माणसाच्या दारी कोठे आणि कसा आला, या प्रश्नांचा निकाल गेल्या अडीचशे वर्षांत दोनदा फिरला आहे. आणि या निकालात आपल्या सह्याद्रीचा एक साक्षीदार गुंतलेला आहे. म्हणून या कुळाची कथा आपणांपुढे मांडावी, असे आम्हांस वाटले.

प्रथम मूळ मंडळींची ओळख करून घेऊ. मोर, तित्तिर आणि रानकोंबडा ही एकाच घराण्यातली भावंडे. त्यांपैकी रानकोंबड्याच्या जाती जगात अवघ्या चार आहेत. जावा-बाली व त्यांच्या पूर्वेकडील बेटांवर हिरवा रानकोंबडा आढळतो. दुसरा श्रीलंकेत असतो. तो त्या देशाचा राष्ट्रीय पक्षी आहे. तिसरा तांबडा; हिमालयाच्या पायथ्याची आणि मध्य व पूर्व भारतातील सालवृक्षांची राने, तेथून म्यानमार, थायलंड, दक्षिण चीन व इंडोनेशिया एवढा त्याचा विस्तार आहे. चौथा करडा. हा केवळ आपल्या भारतीय द्वीपकल्पाचा रहिवासी; अबूच्या पहाडापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत तो पसरला आहे. तांबड्याचा आणि करड्याचा मुलूख मध्य भारतात एकमेकांस भिडतो. पचमढीच्या परिसरात दोघेही आढळतात. महाबळेश्वर, कोयना, राधानगरी या बाजूच्या रानांत पहाटे ज्याचा आवाज ऐकू येतो, तो हा करडा रानकोंबडा होय.

त्याचे रूप पाहण्यासारखे असते. अंग करडे, शेपटी काळीभोर व खाली झुकलेली, डोक्यावर लाल तुरा. परंतु त्याचे खरे वैभव मानेवरच्या पिसांत आहे. काळ्या पिसांना करड्या कडा, आणि प्रत्येक पिसाच्या टोकाशी लाखेचा थेंब पडून वाळावा तसा पिवळसर-पांढरा चकाकणारा ठिपका. हा ठिपका नुसत्या रंगाचा नव्हे; पिसाचा मधला दांडाच तेथे चपटा आणि शिंगासारखा टणक झालेला असतो. मादी मात्र तपकिरी, पाचोळ्याच्या रंगाची. छातीवर पांढरे पट्टे. ती अंड्यांवर बसली म्हणजे दोन पावलांवरून जाणाऱ्यासही दिसत नाही, आणि तीच तिची ढाल असते.

दोन्ही जातींची दिनचर्या पुष्कळशी सारखीच. उजाडता-उजाडता आणि दिवस कलल्यावर ही मंडळी झाडीच्या कडेला, पायवाटेवर, शेताच्या बांधावर चरावयास येतात. पायांनी पाचोळा मागे फेकावयाचा आणि खालचे दाणे, कोंब, किडे, वाळवी वेचावयाची. चाहूल लागली की, पळून झाडीत शिरणे हा पहिला उपाय; अगदीच जवळ गेल्यास मोठा फडफडाट करून सरळ वर उडणे हा दुसरा. रात्र मात्र जमिनीवर काढीत नाहीत. झाडाच्या फांदीवर काढतात. मादी झुडपाखाली मातीत उथळसा खळगा करून त्यात वाळलेली पाने पसरते, चार ते सात अंडी घालते आणि एकटीच सुमारे तीन आठवडे ती उबवते. पिले अंड्यातून निघताच पायांवर उभी राहतात आणि आईमागून दाणे टिपू लागतात. आईच्या हाका मात्र त्यांस शिकून घ्याव्या लागत नाहीत. आकाशातून ससाणा आला तर एक हाक, जमिनीवरून मुंगूस किंवा रानमांजर आले तर दुसरी. पहिली ऐकताच पिले जागच्या जागी दबतात. निकोलस व एल्सी कॉलियस या अमेरिकन दांपत्याने भारतातील तांबड्या रानकोंबड्याचा रानात राहून अभ्यास केला आणि १९६७ साली तो प्रसिद्ध केला. रानकोंबड्यांच्या बोलीत वीसांहून अधिक निरनिराळे आवाज त्यांनी नोंदले आहेत.

आता घरचा कोंबडा यांच्याशेजारी ठेवून पाहा. रानातली मादी वर्षाकाठी दहा-पंधरा अंड्यांपलीकडे जात नाही. आजची अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी तीनशेच्या आसपास देते आणि खुडूक होणे जवळजवळ विसरली आहे. रानकोंबडा माणसाच्या सावलीलाही बिचकतो. घरचा आपल्या पायांत घोटाळतो. आणखी एक भेद बारीक आहे, पण पुढे तो फार उपयोगी पडणार आहे. विणीचा हंगाम सरला की, रानकोंबड्याची मानेवरची भडक पिसे गळतात, त्यांच्या जागी काही महिन्यांपुरती साधी काळपट पिसे येतात आणि तुराही आक्रसतो. राजाने राजवस्त्रे उतरवून साधा वेष घ्यावा, तसा हा प्रकार. घरचा कोंबडा मात्र बाराही महिने राजवस्त्रांतच असतो.

सवयी मात्र सगळ्याच सुटलेल्या नाहीत. पहाटेच्या आरवण्याचेच घ्या. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपण म्हणतो. जपानमधील नागोया विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१३ साली या म्हणीच्या दुसऱ्या बाजूवर प्रकाश पाडला. सतत मंद उजेडात ठेवलेल्या, बाहेरचे जग न दिसणाऱ्या कोंबड्यांनाही पहाट कळते. त्यांच्या शरीरातच घड्याळ असते. पुढे २०१५ साली त्यांनी असेही दाखविले की, कळपात ज्याचा मान पहिला तो प्रथम आरवतो आणि बाकीचे आपापल्या पायरीने मागाहून आरवतात. ही मानाची उतरंड नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बे यांनी १९२२ च्या सुमारास खुराड्यातील कोंबड्यांत प्रथम वर्णिली होती. खुराड्यात वाढलेला कोंबडा अजून रानातल्या कळपाची शिस्त पाळतो, हे त्याच्या कुळाचे एक प्रमाणच होय.

परंतु कुळ कोणते? येथून इतिहासाला सुरुवात होते. पिएर सॉनेरा नावाचा एक फ्रेंच प्रवासी १७७४ पासून १७८१ पर्यंत भारत व पूर्वेकडील देशांत हिंडत होता. १७८२ साली त्याने आपल्या प्रवासाचा ग्रंथ छापला आणि त्यात भारतातील करड्या रानकोंबड्याचे वर्णन केले. युरोपात तोपर्यंत कोंबडीच्या रानटी पूर्वजाविषयी कोणास नीट माहिती नव्हती. त्यामुळे हाच तो पूर्वज, अशी समजूत रूढ झाली. १८१३ साली डच पक्षिशास्त्रज्ञ टेमिंक याने या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले, त्यात सॉनेराचेच नाव गोवले. पहिला निकाल असा करड्याच्या बाजूने लागला.

तो फिरविला चार्ल्स डार्विनने. पाळीव प्राण्यांत व वनस्पतींत कसकसे फरक पडत जातात, यावरील त्याचा मोठा ग्रंथ १८६८ साली बाहेर आला. त्यासाठी त्याने जगभरच्या कोंबड्यांच्या जाती, त्यांची हाडे, पिसे आणि कवट्या तपासल्या होत्या. या कामी त्याला भारतातून मोठे साह्य झाले. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे प्रमुख एडवर्ड ब्लाइथ हे त्याला पत्रांतून माहिती पुरवीत होते. डार्विनने तांबड्या रानकोंबड्याच्या बाजूने निकाल दिला. त्याची कारणे सरळ होती. तांबड्याचे रंग काही घरच्या जातींत जसेच्या तसे दिसतात. त्याचे आरवणे घरच्या कोंबड्यासारखेच असते, फक्त शेवट तुटक. करड्याच्या मानेवरील शिंगासारखी टोके मात्र घरच्या कोणत्याच जातीत नाहीत आणि त्याचा आवाजही निराळा. शिवाय लंडनच्या प्राणिसंग्रहालयात या रानकोंबड्यांच्या संकरांचे प्रयोग झाले होते. तेथील सुमारे पाचशे अंड्यांतून केवळ बारा पिले हाती लागली, आणि त्यांतली तीनच संकरजांच्या परस्पर संयोगातून झालेली होती. ज्याची संतती अशी वांझ ठरते, तो साऱ्या जगाच्या कोंबड्यांचा बाप कसा असेल? डार्विनचा हा युक्तिवाद भक्कम होता. पुढे एकशेचाळीस वर्षे त्याला कोणी धक्का लावला नाही.

मग प्रश्न उरला तो स्थळाचा आणि काळाचा. मोहेंजोदडोच्या उत्खननात कोंबडीची म्हणून ओळखली गेलेली हाडे सापडली आणि सर जॉन मार्शल यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांची नोंद झाली. तेव्हापासून सिंधू नदीचे खोरे हेच कोंबडी प्रथम माणसाळल्याचे ठिकाण, असे पुष्कळ दिवस शिकविले जात होते. नंतर उत्तर चीनमधील आठ-दहा हजार वर्षांपूर्वीच्या हाडांचा दावा पुढे आला. परंतु ती तर निराळ्याच रानपक्ष्यांची निघाली. २०२० साली आठशे त्रेसष्ट पक्ष्यांच्या संपूर्ण आनुवंशिक द्रव्याची छाननी प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले की, तांबड्या रानकोंबड्याच्या पाच उपजातींपैकी म्यानमार, उत्तर थायलंड व नैर्ऋत्य चीन येथे राहणारी उपजात घरच्या कोंबडीला सर्वांत जवळची आहे. पाठोपाठ २०२२ साली योरिस पीटर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकोणनव्वद देशांतील सहाशेहून अधिक स्थळांचे अवशेष पुन्हा तपासले. घरच्या कोंबडीची निःसंशय म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडे त्यांना मध्य थायलंडमधील बान नॉन वाट या ठिकाणी मिळाली. त्यांचा काळ इ. स. पूर्व १६५० ते १२५०. म्हणजे गाय, मेंढी व डुक्कर माणसाळून हजारो वर्षे लोटली, तेव्हा कुठे कोंबडी दारी आली.

आणि ती का आली, हेही या संशोधनातून सुचते. त्या भागात कोंबडी दिसू लागते ती भात व बाजरीसारखी तृणधान्ये यांच्या कोरडवाहू शेतीबरोबर. ज्यांनी रानकोंबड्याच्या सवयी पाहिल्या आहेत, त्यांस याचे नवल वाटणार नाही. बांबूला फुलोरा येऊन बी गळू लागले, किंवा आपल्याकडे सात-आठ वर्षांनी कारवी फुलून तिचे बी पडले, की एरवी विखुरलेले रानकोंबडे तेथे मोठ्या संख्येने गोळा होतात. जेथे अकस्मात पुष्कळ दाणे पडतील तेथे धाव घ्यावयाची, ही त्यांची जन्मजात रीत. माणसाने रानाच्या कडेला भाताचे खाचर केले, खळे केले, कोठार बांधले. रानकोंबड्याच्या दृष्टीने दर वर्षी न चुकता फुलणारा तो एक बांबूच झाला. तेव्हा माणसाने रानकोंबडा धरून आणला, हे अर्धेच सत्य आहे. खळ्यावरच्या दाण्याने त्याला अगोदरच बोलावले होते.

तेथून या पक्ष्याने जग पादाक्रांत केले. युरोपात तो इ. स. पूर्व ८०० च्या सुमारास पोहोचला. ग्रीक लोक त्याला पर्शियन पक्षी म्हणत, यावरून त्याची वाट कोठून गेली हे कळते. आणि नवल असे की, पहिल्या काही शतकांत युरोपात तो खाल्ला जात नव्हता. त्याला माणसाप्रमाणे पुरल्याचे पुरावे मिळतात. आपल्याकडेही त्याचा मान व अपमान हातात हात घालूनच चालला. कार्तिकेयाच्या ध्वजावर कोंबडा आहे. ऱ्हस्व, दीर्घ व प्लुत हे स्वरांचे भेद सांगताना पाणिनीने उ हाच स्वर घेतला, तो कोंबड्याचे आरवणे मनात धरून, अशी वैयाकरणांची परंपरा सांगते. उलट मनुस्मृतीने गावातला कोंबडा निषिद्ध खाद्यांत घातला. निषेध शब्दशः ग्रामकुक्कुटाचा आहे, रानातल्याचा नव्हे, हेही लक्षात घ्यावे. रान आणि गाव या दोन कोंबड्यांतला भेद आपल्या पूर्वजांस चांगला ठाऊक होता. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेल्या फाहिएन या चिनी यात्रेकरूनेही मध्यदेशात लोक डुकरे व कोंबड्या पाळत नाहीत, असे नमूद करून ठेवले आहे.

आता निकाल दुसऱ्यांदा कसा फिरला ते पाहू. काही कोंबड्यांची कातडी पांढरी असते, काहींची पिवळी. बाजारात जाणाऱ्यांस हे सांगावयास नको. हा पिवळा रंग मक्यातून, हिरव्या पाल्यातून येतो. शरीरातील एक विशिष्ट पाचक द्रव्य तो रंग मोडून टाकते. ज्या कोंबड्यांच्या कातडीत हे द्रव्य तयार होणे मंदावते, तेथे रंग साठत जातो. हे लक्षण आईबापांकडून येते. २००८ साली स्वीडनमधील उप्साला येथील लेफ अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या लक्षणाचे मूळ शोधले, तेव्हा त्यांस ते तांबड्या रानकोंबड्यात सापडेना. सापडले ते करड्यात! पिवळ्या कातडीचा हा वारसा बहुधा करड्या रानकोंबड्याकडूनच घरच्या कोंबडीत आला, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. डार्विन मुख्य गोष्टीत बरोबरच होता; घरच्या कोंबडीचा मूळ पुरुष तांबडाच. परंतु करड्याला त्याने कुळातून सर्वस्वी वगळले, ते आता टिकत नाही. आणि करडा रानकोंबडा तर भारतीय द्वीपकल्पाबाहेर कोठेही राहत नाही. तेव्हा पूर्वेकडून आलेली पाळीव कोंबडी आपल्या या भूमीवर पोहोचल्यानंतर, रानाला लागून असलेल्या कोणा वस्तीवर, करड्याचे रक्त तिच्यात मिसळले असले पाहिजे. आज न्यूयॉर्कच्या किंवा तोक्योच्या बाजारात पिवळ्या कातडीची जी कोंबडी विकली जाते, तिचा एक पूर्वज कधी काळी द्वीपकल्पाच्या रानात पाचोळा उकरीत होता. अठराव्या शतकापर्यंतच्या युरोपातील जुन्या हाडांत हे लक्षण जवळजवळ आढळत नाही. तिकडे ते अलीकडेच पसरले. डार्विनच्या काळातील त्या पाचशे अंड्यांचे काय, असे कोणी विचारील. तर उत्तर त्याच आकड्यांत आहे. पाचशेंत बारा ही संख्या प्रयोगशाळेला अल्प वाटली. पण हजारो गावांच्या वेशीवर, शेकडो पिढ्या, जेथे अशा भेटी घडत राहिल्या, तेथे बारासुद्धा पुष्कळ झाली. इतिहासाजवळ वेळ भरपूर असतो.

येथवर रानातून घराकडे आलेल्या प्रवाहाची कथा झाली. दुर्दैवाने आता प्रवाह उलटा वाहू लागला आहे, आणि आजच्या विषयाचे खरे मर्म येथेच आहे. गावातली कोंबडी चरत-चरत रानाच्या कडेला जाते, घरचा कोंबडा रानातील मादीशी जोडी जमवतो, आणि रानातल्या पिलांत घरचे रक्त उतरते. मघाशी आम्ही साध्या वेषाच्या काळपट पिसांचा उल्लेख केला. १९९९ साली पीटरसन व ब्रिसबिन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या संग्रहालयांतील सातशे पंचेचाळीस तांबडे रानकोंबडे तपासून ही पिसे कोठे कोठे दिसतात ते पाहिले. आग्नेय आशियाच्या टोकाकडील प्रदेशांतून व फिलिपाइन्समधून हे शुद्धतेचे लक्षण १८६० च्या सुमारासच नाहीसे होत गेले होते. विसाव्या शतकात ते आणखी पश्चिमेस सरकत लुप्त होत आले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शंभर वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या रानकोंबड्यांची तुलना केली आहे. आजच्या रानकोंबड्यांच्या आनुवंशिक द्रव्यात घरच्या कोंबडीचा वाटा वीस ते पन्नास टक्के भरला.

रानातला वाघ नाहीसा झाला तर ते दिसते. रान सुने पडते. रानकोंबड्याचा लोप मात्र दिसणार नाही. पहाटे रानातून आरवणे ऐकू येईल, लाल तुरा झाडीत चमकेल, आणि तरीही तो पक्षी रानकोंबडा उरलेला नसेल. बंदुकीने किंवा फाशाने होणारा नाश कायद्याने थांबविता येतो. करड्याच्या मानेवरच्या पिसांची गोष्ट तशीच झाली. मासे धरण्याच्या गळावर खोटी माशी बांधण्यासाठी विलायतेत त्यांना मोठी मागणी होती आणि त्यापायी असंख्य पक्षी मारले गेले. पुढे निर्यात बंद झाली, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र या पक्ष्याला मिळाले. परंतु नातवाने आजोबांच्याच घरात शिरून त्यांचे नाव पुसावे, तसा हा जो दुसरा नाश, त्याला कोणत्या कलमाखाली धरावयाचे?

ही केवळ पक्षिप्रेमी मंडळींची हळहळ आहे, असे कोणी समजू नये. कोंबड्यांत साथीचे रोग येतात, लाखो पक्षी मारावे लागतात, हे आपण वृत्तपत्रांतून वाचतो. कारखान्यातील मालासारख्या एकसारख्या वाढविलेल्या पिढ्यांत रोगाला तोंड देणारे वैविध्य कमी होत जाते. ते वैविध्य लागेल तेव्हा मागावयाचे कोणाकडे? मूळ पेढी रानात आहे. तिचे खाते आपल्याच हलगर्जीपणाने भेसळीत बुडाले, तर उसने घ्यावयास दुसरी पेढी नाही. उपाय फार अवघड आहेत असेही नव्हे. राखीव रानाच्या पोटातील व लगतच्या वस्त्यांवर कोंबड्या मोकाट न सोडता आवारात ठेवाव्यात. कोठल्या रानातले पक्षी अजून अस्सल उरले आहेत याची नोंद व्हावी. आणि पिंजऱ्यात वाढविलेले संशयास्पद पक्षी रानकोंबडे म्हणून रानात सोडण्याचा मोह आवरावा. खुराड्याची कडी संध्याकाळी लावण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. ती आजवर कोल्ह्या-बोक्यांच्या भीतीने लावीत होतो. रानाच्या कडेला ती यापुढे रानाच्या भल्यासाठीही लावावी, एवढेच.

सॉनेराने करड्याला पूर्वज मानले, डार्विनने त्याला वगळले, आणि उप्सालाच्या शास्त्रज्ञांनी त्याला मागच्या दाराने पुन्हा घरात घेतले. प्रत्येक वेळी निकाल देता आला, याचे कारण रानात साक्ष द्यावयास मूळ पक्षी हजर होता. पुढेही प्रश्न निघतील, पुढेही निकाल फिरतील. तेव्हा साक्षीदार अस्सल उरलेला असावा, ही जबाबदारी ज्यांच्या रानात तो राहतो त्यांची, म्हणजे आपली आहे.